चमक आहे का?

खरं वाटायचं नाही तुम्हाला. वाटलंच, तर तुमच्या डोक्यात काहीतरी ढिलं झालंय असं समजून मीच उठेन आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसेन. पण माझ्या बायकोच्या डाव्या दंडात दिवा आहे. हिरवा दिवा. तिच्या अंगात साखर वाढली की मोठा होतो, साखर उतरली की बारीक होतो.

हे मी इस्पितळात, डोळ्यांच्या विभागासमोरच्या बाकावर बसून सांगितलं. सिस्टर एकेकाच्या डोळ्यांत थेंब घालून गेली होती. बाहुल्या मोठ्या होईपर्यंत गप बसा, म्हणाली होती. थेंब घातले की माणसाला वाचता येत नाही, फोन बघता येत नाही आणि समोरचा माणूस म्हणजे नुसता रंगाचा डाग होतो. गप्पा ठोकणाऱ्याला याहून चांगले श्रोते कुठे मिळणार? उठून जायची सोय नाही, उठलं तर खांबावर आपटायची भीती.

माझ्या डाव्या हाताला एक रुंद पांढरा डाग होता. त्याला पावाचा वास येत होता, आणि त्यानं स्वतःच सांगितलं की तो बेकरीवाला आहे. साखरेनं त्याचे डोळे बिघडत चालले होते. उजव्या हाताला एक ताठ निळा डाग, निवृत्त शाळामास्तरीण. त्या बोलल्या की समोरच्यानं नखं पाठीमागे लपवावीत असा आवाज. आणि समोर, दाराजवळच्या खुर्चीत, एक राखाडी गणवेश होता. त्याला मी इस्पितळाचा पहारेकरी धरला.

"काय पहारेकरी, तुमच्याही डोळ्यांत थेंब? मग दारावर लक्ष कुणाचं?"

"आजची ड्यूटी झाली माझी," गणवेश म्हणाला. आवाज तरुण होता.

"दिवा म्हणजे कसा हो?" बेकरीवाल्यानं विचारलं. "कारण मलाही डॉक्टर म्हणालेत, दंडात काहीतरी बसवून घ्या. मी अजून हो म्हटलेलं नाही."

"मग ऐकाच. समुद्रात एक बुळबुळीत प्राणी असतो, छत्रीसारखा. हाड नाही, मेंदू नाही, बायकोच्या बस डेपोच्या मॅनेजरसारखाच. पण तो चमकतो."

"जेलीफिश," बाई म्हणाल्या.

"नाव तुम्हाला ठाऊक असेल बाई, घरी राहायला तो आमच्याकडे आलाय. त्याच्या अंगातलं चमकणारं प्रथिन घेतलं आणि त्याला दुसरं एक प्रथिन जोडलं, साखरेला मिठी मारणारं. साखर आली की हे मिठी मारणार. मिठी मारताना अंग आवळणार, आणि अंग आवळलं की चमक वाढणार. तांदळाच्या दाण्याएवढ्या नळीत हा सगळा संसार मांडायचा आणि ती नळी दंडाच्या कातडीखाली सरकवायची. वरून पट्टा. पट्टा निळा उजेड आत सोडतो, आतून हिरवा परत येतो. जितका हिरवा तितकी साखर. मनगटावरच्या घड्याळात आकडा उमटतो, आणि साखर फार खाली गेली की पट्टा थरथरतो."

"दुखतं का?"

"बसवताना मुंगी चावल्यासारखं होतं. नंतरचं सांगतो पुढे."

आता माझ्या बायकोची ओळख करून देतो. ती बस चालवते. टेकडीवरच्या वसाहतीची बस, वळणावळणाचा रस्ता, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला कठडा. डेपोत तिला हॉर्नबाई म्हणतात, कारण वळण दिसायच्या आधीच ती हॉर्न देते. घरातसुद्धा स्वयंपाकघराच्या दारातून वळताना खाकरते. तिला दागिन्याची हौस नाही, कपड्यांची नाही. एकदा मी लग्नाच्या वाढदिवसाला काय हवं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "अहो, गिअरबॉक्स बदलून द्या."

तिला साखरेचा आजार तरुणपणापासून. इंजेक्शनं टोचून घ्यायची आणि कामावर जायची. पण पुढे पुढे तिची साखर फार लबाड झाली. इतरांची साखर उतरली की घाम सुटतो, हात कापतात, माणूस सावध होतो. हिची उतरायची ती चोरासारखी, अनवाणी. हिला पत्ताच नाही. एके दिवशी डेपोत गाडी लावून ती तशीच बसून राहिली, चेहऱ्यावर हसू. कंडक्टरनं विचारलं, "ताई, उतरत नाही का?" तर म्हणाली, "तुम्ही कोण? आणि ही कुणाची गाडी?"

डेपोच्या डॉक्टरनं त्याच दिवशी तिच्या हातातलं चाक काढून घेतलं. हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत बसवलं. छत्र्या, डबे, एकेकटे हातमोजे, कुणाची तरी कवळी. घरी आल्यावर बूट काढता काढता म्हणायची, "सगळ्यांचं सगळं मिळतं हो तिथं. माझं चाक तेवढं कुणी आणून देत नाही."

मी हसलो की ती हसायची नाही. चाक गेल्यापासून ती जेवताना ताटाकडे बघायची नाही, खिडकीबाहेर बघायची. बस गेली की आवाजावरून सांगायची, क्लच घासतोय त्याचा.

"मग तो दिवा बसवला?" बेकरीवाला म्हणाला.

"मग बसवला. याच इस्पितळात, वरच्या मजल्यावर, संशोधनासाठी माणसं हवी होती. डेपोनं अट घातली, पट्टा दंडावर आणि घड्याळ चालू असेल तरच चाक. ज्या दिवशी ती पुन्हा टेकडीची गाडी घेऊन निघाली त्या दिवशी तिनं डेपोच्या आतच इतक्यांदा हॉर्न दिला की मॅनेजर कानांत बोटं घालून बाहेर आला."

"आणि उजेड?"

"उजेडाचं विचारू नका! आमच्या घरचे दिवे गेले की मी तिला म्हणायचो, अगं, एक बिस्कीट खा, पेपर वाचायचाय. शेजाऱ्यांची कोंबडी आमच्या खिडकीखाली येऊन भलत्या वेळी अंडी घालायला लागली. पाखरं तर इतकी जमायची की तिला पांघरुणातून हात बाहेर काढता येईना. आणि चौकातली गंमत ऐका. उजवीकडे वळायचं म्हणून हिनं खिडकीतून हात बाहेर काढला. हिरवा उजेड! समोरच्या सगळ्या गाड्या सुटल्या. वाहतूक पोलीस शिट्टी फुंकून फुंकून लाल झाला."

बेकरीवाल्याचं पोट हलताना बाकाला जाणवत होतं.

"दंड डावा म्हणालात," बाई म्हणाल्या. "उजव्या खिडकीतून डावा हात कसा निघाला?"

"प्रेमळ बाई आहे हो ती, वळणावर अंग मोडून हात दाखवते."

"आणि निळा प्रकाश टाकल्याशिवाय ते प्रथिन चमकत नाही, असं तुम्हीच सांगितलंत."

"बाई, वर आकाश काय तांबडं होतं?"

गणवेश पहिल्यांदा हसला. "कोणत्या नंबरची गाडी चालवतात त्या?" त्यानं विचारलं.

"पहारेकऱ्यांनी दाराचे नंबर बघावेत, गाड्यांचे बघू नयेत. टेकडीची म्हटलं ना? टेकडीला दुसरी कुठली जाते?"

मी पुढे निघालो.

आता खरी गोष्ट सुरू होते, आणि ती एका शब्दाची आहे. हे प्रथिन उन्हात वाळत घातलेल्या कापडासारखं विटत जातं. रोज निळा उजेड खाऊन खाऊन त्याचा हिरवा रंग फिका पडतो. मग पट्ट्याची पंचाईत होते. त्याला उजेड कमी दिसतो, पण साखर कमी म्हणून कमी की दिवा विटला म्हणून कमी, हे त्याला कळत नाही. त्यासाठी घड्याळावर एक वेगळी खूण होती, दिव्याचा जोर दाखवणारी हिरवी पट्टी. इस्पितळातून अधूनमधून फोन यायचा, माणसानं खूण बघून सांगायचं, आणि दिवा विटला असेल तर ते तिकडे बसल्या बसल्या आकडा वाढवून दुरुस्त करायचे. बाई, तुम्ही नाही का आजारी पोराला चार मार्क वाढवून देत, तसं.

"मी कधीच दिले नाहीत," बाई म्हणाल्या.

"तुमच्या हाती इस्पितळ असतं तर बरं झालं असतं. असो. त्या खुणेचं माहितीपत्रकातलं नाव होतं प्रदीप्ती. बायकोनं ते पाठ केलं. प्रदीप्ती विचारतील, प्रदीप्ती विचारतील, म्हणून आठवडाभर पुटपुटत होती. आणि इकडे वरच्या मजल्यावर कुणा शहाण्याला वाटलं, लोकांना एवढा जड शब्द पेलायचा नाही. त्यानं फोनवर बसणाऱ्या मुलींना सांगितलं, प्रदीप्ती म्हणू नका, सोपं बोला. चमक म्हणा."

बेकरीवाल्याचा हात आपोआप कमरेकडे गेला. त्याला कळलं होतं. दिवसभर पिठाची पोती उचलणाऱ्याला कळणारच.

त्या दिवसांत बसच्या सीटची स्प्रिंग मोडली होती आणि हिच्या पाठीत चमक भरली होती. डेपोत स्प्रिंग मिळेना. मी तिला बाम चोळून देत होतो. आणि एका सकाळी फोन आला. मी समोर बसून चहा पीत होतो, शब्द न् शब्द ऐकला.

"नमस्कार ताई, इस्पितळातून बोलतेय. चमक कशी आहे?"

"अगं बाई! तुम्हाला कसं कळलं?"

"आम्हाला इथं सगळं कळतं, ताई. आहे का चमक?"

"आता खूप कमी झालीय. नावाला उरलीय."

"कधीपासून कमी झाली?"

"बाम लावायला लागल्यापासून."

"बाम? त्या जागेवर लावलात?"

"जागेवर नाही तर काय भिंतीवर लावू?"

"आणि ऊन लागलं होतं का?"

"लागलं तर! मी मुद्दाम बसते उन्हात."

"तरीच. उन्हानंच जाते ती."

"तेच तर म्हणतेय मी, उन्हानंच गेली!"

"ठीक आहे ताई. आम्ही इथून दुरुस्त करून देतो."

"कशाला त्रास घेताय? उरलीय तीही जाईल दोन दिवसांत."

"म्हणून तर आत्ताच करतो. काळजी करू नका."

फोन ठेवून बायको माझ्याकडे वळली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या, खरं सांगतो. म्हणाली, "बघा, परकी माणसं, पण पाठीचीसुद्धा चौकशी करतात. नाहीतर तुम्ही. बाम चोळताना पेपर वाचता."

बाकावर सगळे हसले. मीही हसलो. ही जागा अशी आहे की इथे हसू येतंच, किती वेळा सांगितलं तरी. बेकरीवाला डोळे पुसत म्हणाला, "आणि मग?"

"आणि मग त्यांनी आकडा वाढवला. दिवा विटलेलाच नव्हता, नव्या नवरीसारखा लखलखत होता. त्यावर वरून मार्क दिले. आता खरी साखर खाली गेली तरी घड्याळ म्हणणार, सगळं छान. पट्टा थरथरणार नाही. तिला स्वतःला कळत नव्हतंच, ज्याच्या जिवावर चाक मिळालं होतं तो राखणदारही झोपवला."

मला वाटलं होतं आता बाई काही शंका काढतील. त्यांनी नाही काढली.

"त्याच आठवड्यात ती सकाळची पहिली फेरी घेऊन वर निघाली. निघताना घड्याळ बघितलं, मला दाखवलं. सुंदर आकडा. अर्ध्या वाटेवर कंडक्टरनं थांब्याची घंटी दिली, गाडी थांबली नाही. पुन्हा दिली, नाही थांबली. तो पुढे गेला तर ही हसतेय. गोड हसतेय, रस्त्याकडे बघून."

"अरे देवा," बेकरीवाला म्हणाला.

"घाबरू नका. गाडीला रस्ता पाठ होता ना! इतकी वर्षं तिच्या हाताखाली वाढलेली गाडी. गाडीनं आपणच गिअर बदलला, आपणच वळणं घेतली, प्रत्येक वळणाआधी आपणच हॉर्न दिला. टेकडी चढली, वर वळली, खाली उतरली आणि या इस्पितळाच्या फाटकात येऊन शिस्तीत उभी राहिली. लोक उतरताना म्हणाले, आज गाडी फार मऊ चालली."

"टेकडीच्या कुठल्या वळणावर झालं हे?" गणवेशानं विचारलं.

"काय करायचंय तुम्हाला? शेवटच्या."

"पाण्याच्या टाकीजवळच्या?"

"टाकीजवळच्या."

"तिथला कठडा नवा आहे," तो म्हणाला.

"असेल. कठडे बदलायची हौस असते कुणाकुणाला. गाडीला ओरखडासुद्धा नव्हता."

तो खुर्चीत जरा पुढे सरकला एवढं मला दिसलं, म्हणजे राखाडी डाग जरा मोठा झाला.

"इस्पितळानं काय केलं?" बाईंनी विचारलं.

"काय करणार? आम्हाला वर बोलावलं. लांब टेबल, पाण्याचे पेले, प्रत्येक पेल्यावर झाकण. फोनचं बोलणं त्यांच्याकडे साठवलेलं होतं, ते सगळ्यांसमोर लावलं. 'जागेवर नाही तर काय भिंतीवर लावू' आलं तेव्हा दोघे डॉक्टर हसले. माणसं होती, हसू येणारच, आत्ता तुम्हीही हसलात. बायको माझ्याशेजारी बसली होती. ती त्यांच्याकडे बघत होती, एकेकाकडे, जशी बसच्या आरशातून मागे बघते. मग मोठे डॉक्टर म्हणाले, वापरणाऱ्या व्यक्तीकडून चुकीची माहिती मिळाली. ती म्हणाली, डॉक्टर, मी चुकीचं काय बोलले? चमक होती, कमी झाली होती. त्यावर ते म्हणाले, दोष कुणाचाच नाही, हा संवादातला दोष आहे. म्हणजे दोष होता, पण कुणाच्या घरचा नव्हता. अनाथ होता बिचारा. तो आम्ही घरी घेऊन आलो."

मी थांबलो. पाणी प्यायचं होतं, पण बाटली कुठे ठेवली ते दिसेना.

"आता ते फोनवर घड्याळावरची हिरवी पट्टी किती भरली आहे, असं विचारतात म्हणे," मी म्हणालो. "तुम्हाला विचारतील, बेकरीवाले. घाबरू नका, शब्द सुधारलाय त्यांनी. आमच्या पैशानं... नव्हे, पैशाचं सोडा. आमच्या पाठीवर सुधारलाय."

"आणि तो दिवा? काढला का?"

"कशाला काढतील? संशोधन संपलं, पट्टा परत घेतला, घड्याळ परत घेतलं. नळी म्हणे निरुपद्रवी आहे, राहू द्या. त्यामुळे दिवा आत आहे. अजूनही साखरेला मिठी मारतोय, कमी-जास्त होतोय, सगळं खरं खरं सांगतोय. वाचणारं कुणी नाही एवढंच. मोठी झालेली मुलं आईबापांशी बोलत नाहीत, त्याच्या उलट झालंय. दंड बोलतोय, ऐकणारा उठून गेला."

हे मी जरा हळू बोललो असेन, कारण बेकरीवाल्याचा श्वास ऐकू यायला लागला. असं झालं की गोष्ट हातातून निसटते. गोष्ट सांगणाऱ्यानं रडवून सोडलं तर लोक पुढच्या वेळी दुसऱ्या बाकावर बसतात. मी पटकन चाक वळवलं.

"पण आमची हॉर्नबाई अशी तशी नव्हे! डेपोचा मॅनेजर स्वतः घरी आला. दारात उभा, हातात टोपी. म्हणाला, तुमच्याशिवाय टेकडीची गाडी चढत नाही हो. तिसऱ्या गिअरला रुसून बसते. नवे ड्रायव्हर लावून बघितले, प्रत्येकाला गाडी ओढून खाली आणते. हिनं त्याला तिष्ठत ठेवलं, चहा विचारला नाही, आणि मग म्हणाली, आधी सीटची स्प्रिंग बदला. बदलली! आता रोज सकाळची पहिली फेरी तिचीच. आजही घेऊन गेली. जाताना मला म्हणाली, डोळे दाखवून या, आणि बाकावर लोकांना पकवू नका."

"पट्ट्याशिवाय?" बाई म्हणाल्या. "पट्टा नसताना डेपोनं परवानगी दिली?"

"पट्टा कशाला हवा? न्हाणीघरात निळा बल्ब लावलाय मी. निघण्याआधी तिचा दंड त्याखाली धरतो आणि नुसत्या डोळ्यांनी साखर सांगतो. इतकी वर्षं तिचा चेहरा वाचतोय, दंड वाचायला काय लागतं? मी चमक बघतो, ती भिंतीवरचं घड्याळ बघते, आणि गाडी वेळेवर सुटते. जाऊन विचारा डेपोत. टेकडीची पहिली गाडी कोण चालवतं, विचारा!"

राखाडी डाग उभा राहिला. थेंबांमुळे त्यालाही नीट दिसत नसावं, कारण तो भिंतीला हात लावून उभा होता.

"खोटं आहे, काका," तो म्हणाला. "मी पहारेकरी नाही. टेकडीची पहिली फेरी मी चालवतो. टाकीजवळचा कठडा नव्यानं बांधला तेव्हापासून मीच चालवतोय. काकू रोज येतात गाडी सुटायच्या आधी. वर चढतात, सीटवर बसतात, आरसा आपल्या उंचीला फिरवून घेतात आणि काही न बोलता उतरून जातात. मग मला तो परत फिरवावा लागतो."